पालिका कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य आणि नागरिकांशी ओळख

शहराचा कारभार चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या नोकरवर्गाचे शारीरिक, मानसिक व सामाजिक आरोग्य, ते टिकवण्यासाठी कामाच्या ठिकाणी केलेली व्यवस्था, आणि ही माणसे कोण आहेत, नेमके काय करतात याची शहरवासीयांना असलेली माहिती, असा या विषयाचा आवाका आहे. वरवर पाहता हे दोन विषय वाटतात. पहिला आस्थापना विभागाचा, दुसरा जनसंपर्काचा, आणि त्यांच्या फायलीही सहसा वेगवेगळ्या टेबलांवर असतात. पण पालिकेच्या नोकरीतला बराचसा ताण जनतेशी रोज येणाऱ्या संबंधातून उपजतो, आणि तो संबंध बहुतेक वेळा दोन अनोळखी माणसांतला असतो. त्यामुळे एकाचा विचार दुसऱ्याला वगळून केला की तो अर्धवट राहतो.

कामगाराला त्याच्या कामाबद्दल विचारण्याची वैद्यकातली रीत नगरसेवेतल्याच एका कामापासून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) हा इटालियन वैद्य मोदेना येथे राहत असताना त्याच्या घराचा शौचकूप उपसायला एक माणूस आला होता. तो इतक्या घाईघाईने, जीव टांगणीला लागल्यासारखा काम करत होता की रामाझ्झिनीने त्याला हळू करायला सांगितले. त्यावर तो म्हणाला, की या खड्ड्यात चार तासांहून अधिक वेळ राहणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला कळायचे नाही, डोळेच जातात. तो वर आल्यावर रामाझ्झिनीने त्याचे डोळे पाहिले, तर ते लालबुंद आणि निस्तेज झाले होते. घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसायचे आणि कोमट पाण्याने डोळे धुवायचे, एवढाच उपाय या लोकांना ठाऊक होता. १७०० साली रामाझ्झिनीने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घातली. आपल्या घरचा मैला काढणाऱ्याशी दोन वाक्ये बोलावीशी वाटणे, हे त्या काळात त्या शोधाइतकेच दुर्मीळ असावे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीने १९५० मध्ये व्यावसायिक आरोग्याची जी व्याख्या केली, तीत सर्व व्यवसायांतील कामगारांचे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य असे तिन्ही शब्द आहेत. पालिकेच्या बाबतीत अडचण येते ती ‘सर्व व्यवसाय’ या शब्दांपाशी. एकाच मालकाकडे इतक्या तऱ्हांची कामे क्वचितच असतात. गटारात उतरणारा, कचरागाडीवरचा, अग्निशामक, पाण्याची झडप फिरवणारा, बागेतला माळी, परिचारिका, ग्रंथपाल, बांधकाम परवाने तपासणारा अभियंता, कर भरण्याच्या खिडकीवरचा लिपिक ही सगळी माणसे एकाच हजेरीपत्रकाच्या छत्राखाली येतात. त्यांना होणाऱ्या व्याधी मात्र एकमेकींच्या जवळपासही नसतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामाला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. रात्रपाळीला तिने २००७ पासून ‘बहुधा कर्करोगकारक’ मानले आहे. लिपिकाची मान आणि कंबर, सफाई कामगाराची फुप्फुसे आणि गुडघे, नियंत्रण कक्षात दूरध्वनी घेणाऱ्याची झोप, अशी ही यादी वाढवता येईल. सर्वांसाठी एकच आरोग्य शिबिर भरवून भागत नाही ते यामुळेच.

सार्वजनिक सेवेतल्या नोकरांवर झालेल्या दोन अभ्यासांनी या क्षेत्राला दिशा दिली. पहिला लंडनच्या सार्वजनिक बससेवेतला. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे. वाहक तिकिटे फाडत दिवसभर जिना चढे-उतरे, रोज पाचशेहून अधिक पायऱ्या. दोघांचा मालक एक, रस्ता एक, गाडीही एकच. तरी वाहकांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी सौम्य. व्यायामाचा हृदयाशी असलेला संबंध दाखवणारा हा पहिला ठळक पुरावा. पण गोष्टीचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. मॉरिस यांनीच १९५६ मध्ये गणवेशांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा जास्त निघाला, अगदी तरुण वयातही. म्हणजे सगळा फरक जिन्याने घडवलेला नव्हता. काही अंशी कामांनी आधीच वेगवेगळ्या अंगकाठीची माणसे निवडली होती. शिंप्याच्या मापांनी हृदयरोगाच्या सिद्धान्ताला घातलेला हा चिमटा आजच्या ‘पावले मोजा’ स्पर्धांच्या आयोजकांनी लक्षात ठेवावा असा आहे.

दुसरा अभ्यास व्हाइटहॉलचा. तो शहराच्या नव्हे, तर ब्रिटिश केंद्र सरकारच्या नोकरांचा आहे. मात्र त्याचे निष्कर्ष कोणत्याही श्रेणीबद्ध कचेरीला लागू पडतात. १९६७ पासून सतरा हजारांहून अधिक पुरुष नोकरांची पाहणी झाली. शिपाई-द्वारपाल या तळच्या श्रेणीतला मृत्युदर सर्वांत वरच्या प्रशासकांच्या सुमारे तिप्पट भरला. तळाचे तेवढे आजारी आणि बाकीचे निरोगी, असाही प्रकार नव्हता. प्रत्येक पायरी तिच्या वरच्या पायरीपेक्षा आजारी होती. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केला तरी बराच फरक शिल्लक राहिला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियांसह १०,३०८ नोकर होते. त्यातून मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी दाखवले, की आपल्या कामावर आपला ताबा किती, यावर हृदयविकाराचा धोका बराच अवलंबून असतो. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये हेच सूत्र मांडले होते: कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा थोडी, ही जोडी सर्वांत वाईट. योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली. घातलेल्या कष्टांच्या मानाने पगार, बढती, शाश्वती आणि मान कमी मिळाला, तर तो असमतोल शरीराला भोवतो. ‘मान’ हा शब्द त्या यादीत आहे, हे या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे.

खिडकीवर हे सूत्र उघड दिसते. जन्मदाखल्यात नावाचे एक अक्षर चुकले आहे. समोरच्या माणसाला तो कागद आजच हवा आहे, त्याने त्यासाठी रजा टाकली आहे. लिपिकाला चूक दिसते, दुरुस्त शब्दही कळतो, पण संगणकातला तो रकाना त्याच्या अधिकाराबाहेर आहे. अर्ज वरिष्ठांकडे जाणार आणि वरिष्ठ बैठकीत. तो ‘उद्या या’ म्हणतो. समोरच्याला तो उर्मटपणा वाटतो. आवाज चढतो, रांगेतले दोघे सामील होतात. लिपिक मान खाली घालून पुढचा कागद ओढतो, आणि दिवसभरात असे पंधरा-वीस वेळा घडले की पुढे पुढे तो मान वर करायचेच सोडून देतो. मागणी पुरी, मुभा शून्य, मान उणे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये अशा कर्मचाऱ्यांच्या कामाची फोड केली. लोकांना शासन म्हणून जे भेटते ते हेच. साधने अपुरी आणि गर्दी न संपणारी असल्याने ही माणसे स्वतःच्या बचावासाठी आडाखे बसवतात, लोकांना ‘प्रकरणे’ समजू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामाने येणाऱ्या ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे दिली आहेत: थकवा, कामापासून मनाने तुटणे किंवा तुच्छतेची भावना, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. हा रोग नव्हे, नोकरीशी निगडित स्थिती आहे, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. खिडकीबाहेरून पाहणाऱ्याला यातले दुसरे लक्षण तेवढे दिसते, आणि तो त्याला माजोरी म्हणतो.

यावर कचेऱ्यांनी काढलेला नेहमीचा उपाय म्हणजे स्वास्थ्य कार्यक्रम: तपासणी, आहारसल्ला, योगवर्ग, चालण्याच्या स्पर्धा, भाग घेणाऱ्याला बक्षीस. त्याचा परिणाम तितकासा उत्साहवर्धक नाही. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला आणि कोणाला कार्यक्रम द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. वैद्यकीय खर्चात किंवा आरोग्याच्या सवयींत लक्षणीय फरक पडला नाही. जे हौसेने आले ते आधीपासूनच धडधाकट होते. सुमारे ३३ हजार नोकर आणि १६० ठिकाणे असलेल्या एका अमेरिकी विक्रीसाखळीतल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. दीड वर्षानंतर ‘आम्ही जास्त व्यायाम करतो’ असे सांगणारे वाढले, पण रक्तदाब, साखर, खर्च, गैरहजेरी जागच्या जागी राहिली. तपासणी किंवा समुपदेशन निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. दुखण्याचे मूळ कामाच्या घडणीत असेल तर दुपारच्या सुटीतल्या प्राणायामाने ते हलत नाही, इतकेच. पुरेशी माणसे, पाळीचे आगाऊ वेळापत्रक, मापाचे हातमोजे, हात-पाय धुण्याची आणि कपडे बदलण्याची जागा, लहान चुका जागीच दुरुस्त करण्याचा अधिकार हे उपाय कंटाळवाणे आहेत आणि त्यांचे उद्घाटन करता येत नाही. त्यामुळे ते मागे पडतात.

ओळखीचा परिणाम मोजण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. अमेरिकेतल्या नऊ शहरांत आपत्कालीन दूरध्वनी घेणाऱ्या ५३६ कर्मचाऱ्यांवर एलिझाबेथ लिनोस आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे, दर आठवड्याला एक ईमेल, आणि त्यात इतर शहरांतल्या याच कामातल्या माणसांचे अनुभव. ‘नव्याला काय सांगाल?’ अशा धर्तीचे प्रश्न. ज्यांना हे ईमेल मिळाले त्यांचा बर्नआउट कमी झाला आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आपल्यासारखे कोणी आहे आणि त्याला आपले दुखणे कळते, याची किंमत एवढी निघाली. येथे ओळख झाली ती सहकाऱ्यांशी, नागरिकांशी नव्हे. दुसऱ्या बाजूचा पुरावा न्यूयॉर्कचा आहे. अनुज शाह आणि मायकेल लाफॉरेस्ट यांनी तेथील सार्वजनिक वसाहतींतल्या रहिवाशांना त्यांच्या भागातल्या पोलिसांबद्दल साधी पत्रे आणि कार्डे पाठवली. काय खायला आवडते, कोणता खेळ पाहतो, पोलिसात का आलो, असला किरकोळ मजकूर. पहिल्या तीन महिन्यांत त्या वसाहतींजवळचे गुन्हे ५ ते ७ टक्क्यांनी घटले. संशोधकांचे स्पष्टीकरण गमतीचे आहे: दुसऱ्याबद्दल काही कळले की त्यालाही आपल्याबद्दल काही ठाऊक असेल, असे माणसाला वाटू लागते, गर्दीत लपल्याची भावना जाते. हा विश्वास की जरब, याबद्दल वाद घालता येईल.

बॉस्टनमधल्या तक्रार-ॲपने तिसरी दिशा दाखवली. खड्डा बुजवला, दिवा लावला, की काम झाल्याचे छायाचित्र तक्रारदाराला जाई. ज्यांना ते मिळे त्यांनी पुढे अधिक तक्रारी नोंदवल्या. पालिकेच्या चाहत्यांना हे उफराटे वाटेल, पण ऐकले जाते असे वाटल्याशिवाय कोणी पुन्हा सांगायला येत नाही. जलशुद्धीकरण केंद्र लोकांना पाहायला खुले ठेवणे, नव्या भागात वॉर्ड अभियंत्याने स्वतःहून फिरणे, वार्तापत्रात दर महिन्याला एका कर्मचाऱ्याच्या कामाचा दिवस सांगणे हे याच जातीचे उपक्रम. यातला शेवटचा प्रकार बहुधा फसतो, कारण त्यात माणूस कमी आणि विभागाची स्तुती जास्त असते. मॅनहोलचे झाकण एकट्याने उचलायचे तर पहार कुठे घालावी लागते, हे सांगणारा एक परिच्छेद ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’ या विशेषणांच्या दहा ओळींपेक्षा जास्त ओळख करून देतो.

ओळखीला धोक्याची कडही आहे. परवाना नाकारणाऱ्या निरीक्षकाचे पूर्ण नाव, छायाचित्र आणि तो राहतो ती गल्ली जगजाहीर असेल, तर ओळख ही शस्त्र बनते. श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या ठिकाणच्या हिंसेत ग्राहक, नागरिक अशा तिसऱ्या पक्षाकडून होणारा छळही विचारात घेतला आहे. म्हणून छातीवरच्या पट्टीवर पूर्ण नाव असावे, पहिलेच नाव असावे की क्रमांक, हा प्रश्न किरकोळ नाही. क्रमांकाने कर्मचारी सुरक्षित राहतो, पण समोरच्यासाठी तो यंत्राचा भाग होतो. पहिले नाव आणि कामाचे पद हा मध्यम तोडगा, मजकुराची निवड ज्याची त्यानेच करायची या अटीवर, बऱ्यापैकी चालतो.

ओळख नसल्याची किंमत अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने १९६८ मध्ये मोजली. १ फेब्रुवारीला पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या पेटीत बसलेले दोन सफाई कामगार दाबयंत्र अचानक चालू झाल्याने चिरडले गेले. अकरा दिवसांनी सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. पगार, संघटनेला मान्यता आणि सुरक्षित गाड्या या त्यांच्या मागण्या होत्या, पण गळ्यातल्या पाट्यांवर त्यांनी लिहिले होते, ‘मी माणूस आहे’. त्यांना पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता दिली.

आज हा विषय जेथे सर्वांत उणा पडतो ती जागा म्हणजे कंत्राटी काम. कचरा, स्वच्छता, पहारा, पाण्याची गळती शोधणे अशी कामे ठेकेदारामार्फत करवून घेतली, की ती करणारा माणूस पालिकेच्या आस्थापनेवर नसतो. आरोग्य तपासणीच्या यादीत त्याचे नाव येत नाही, ‘आपले कर्मचारी’ या सदरात त्याचे छायाचित्र छापले जात नाही, आणि आजारी पडल्यास गैरहजेरीच्या आकडेवारीतही तो सापडत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच झाडूवर दुसरा असतो. नागरिकाला मात्र पहाटे दारात पालिका म्हणून तोच दिसतो.