दुपारची सभा, मे महिना आणि रेडिओवरची गाणी : पार्श्वभूमी

पन्नास ते ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात वाढलेल्या माणसांना रेडिओवरची गाणी हटकून उन्हाळ्याच्या सुट्टीसकट आठवतात. त्याचं मोठं कारण आकाशवाणीच्या वेळापत्रकात सापडतं. केंद्राचं दिवसाचं प्रसारण तीन सभांमध्ये विभागलेलं असे. पहिली सभा पहाटेची, ती शाळेच्या घाईगर्दीत निघून जायची. तिसरी संध्याकाळची. तिच्यात बातम्या, शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे कार्यक्रम असायचे आणि रेडिओचं बटण घरातल्या मोठ्यांच्या हातात असायचं. मधली दुपारची सभा शाळकरी मुलांना एरवी रविवारीच मिळे. एप्रिलच्या मध्यावर परीक्षा संपल्या की जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत ती रोज ऐकता यायची. बाहेर ऊन इतकं की अंगणात जायला मनाई, घरात सगळे आडवे झालेले, आणि रेडिओ हळू आवाजात चालू.

त्यात गाणी मोजकी आणि पुन्हा पुन्हा लागणारी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केंद्रांच्या संग्रहात मुख्यतः मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं मावे. फर्माइशीच्या कार्यक्रमांत पोस्टकार्डं ज्या गाण्यासाठी जास्त येतील ते गाणं आधी लागायचं. ते ऐकून आणखी पत्रं यायची आणि तेच गाणं पुढच्या खेपेलाही लागायचं. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’मध्ये मराठी भावगीतांचं आणि चित्रपटगीतांचं हेच होई. ऐकणाऱ्याला गाणं स्वतःहून लावता येत नसे, त्यामुळे ते लागेल त्या घटकेला कान देणं भाग होतं. सात-आठ आठवडे रोज असं ऐकलं की चाल पाठ होते आणि आजूबाजूची जागा, वास, वेळ तिला चिकटून राहतात.

हे सगळं जुळून येण्याआधी एक मोठा खंड पडला होता. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. हिंदी चित्रपटगीतं त्यांना सवंग वाटत. त्यांनी या गाण्यांचा वाटा कमी केला. चित्रपटाचं नाव सांगणं ही फुकटची जाहिरात, म्हणून तेही बंद झालं. त्यावर निर्मात्यांनी प्रसारणाचे परवाने मागे घेतले आणि आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते मात्र कुठे गेले नाहीत, त्यांनी फक्त काटा सरकवून सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या कोलंबोहून चालणाऱ्या रेडिओ सिलोनवर, आणला.

सिलोनकडे हे ओझं पेलणारी यंत्रं तयार होती. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्यासाठी तिथे लघुलहरींचं (शॉर्ट वेव्ह) १०० किलोवॉटचं प्रक्षेपण केंद्र उभारलं होतं. युद्धानंतर १९४९मध्ये ते रेडिओ सिलोनकडे आलं. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, निवेदक अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’, हिंदी चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम, सुरू झाली. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून गाणी आकाशमार्गे पुन्हा मुंबई-पुण्याच्या घरांत उतरायची. बुधवारी रात्री आठचा हा कार्यक्रम शाळा चालू असताना अभ्यासाच्या वेळेत यायचा. सुट्टीत ती आडकाठी नसे, त्यामुळे कोणतं गाणं किती पायदान वर चढलं याचा हिशोब मुलं वहीत मांडत.

सिलोन लावणं ही कला होती. कोलंबो मुंबईपासून सुमारे दीड हजार किलोमीटर लांब. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून खाली येतात आणि हे थर उन्हाच्या प्रमाणात बदलत राहतात. म्हणून सकाळी नि रात्री ४१ मीटर पट्टा चांगला लागायचा. दिवस वर आला की तो विरायचा आणि ३१ किंवा २५ मीटरवर जावं लागे. लहरी दोन वाटांनी येऊन एकमेकींना छेदल्या की आवाज मधूनच खोल जायचा, सूर चिरका व्हायचा. अशा वेळी काटा हलवू नये, अर्ध्या मिनिटात आवाज आपोआप वर येतो. घाईने काटा फिरवणारे नेमकं गाणं घालवून बसत. घरात एरियल म्हणून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे. ती वीजेच्या वायरिंगला समांतर बांधली तर गुणगुण वाढायची.

मुंबई, पुणे, नागपूर ही मध्यम लहरींची (मीडियम वेव्ह) केंद्रं. त्यांना उन्हाळ्याचा वेगळाच जाच. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, विजा चमकतात, आणि विजेचा कडकडाट मध्यम लहरींवर थेट ऐकू येतो. दूर घाटात पडलेली वीजही गाण्याच्या मध्ये करकर उमटवते. जवळ वीज असेल तर एरियल संचातून काढून जमिनीच्या तारेला जोडायची, हा शहाण्या घरातला नियम होता. तो न पाळल्याने एरियलची कॉइल जळायची.

सुट्टीत कोकणात गेलेल्यांना मात्र मुंबई केंद्र अनपेक्षितपणे स्वच्छ मिळे. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून फार कमी क्षीण होत लांब जातात, डोंगराळ कोरड्या जमिनीवर त्या लवकर विरतात. म्हणून किनाऱ्यावरच्या गावात मुंबईची गाणी दिवसाढवळ्या ऐकू यायची आणि तेवढ्याच अंतरावरच्या, सह्याद्रीपलीकडच्या गावात ती अंधार पडल्यावरच लागायची. ‘आजोळचा रेडिओ चांगला होता’ असं अनेकजण सांगतात. त्या चांगलेपणात समुद्राचा वाटा मोठा आहे.

मराठी गाण्यांच्या बाबतीत एक उन्हाळा वेगळा काढून सांगायलाच हवा. पुणे केंद्र १९५३मध्ये सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, शुक्रवारी, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं. आठवड्याला एक नवं गीत असा वर्षाचा बेत होता. त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने गीतं ५६ झाली. फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे अनेक आवाज त्यात होते. सुरुवातीची गीतं नेमकी सुट्टीच्या आठवड्यांत आली, म्हणजे बालकांडाची ओळख मुलांना ऐन सुट्टीत, घरातल्या सगळ्यांबरोबर बसून झाली. केसकरांच्या धोरणाला दोष देताना हेही आठवावं की चित्रपटगीतांची जागा रिकामी झाली, तेव्हा सुगम संगीताला आकाशवाणीवर मानाचं स्थान मिळालं. मराठी भावगीताने त्याचं सोनं केलं.

३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती आली आणि चित्रपटगीतं घरच्या केंद्रावर परतली. ‘मनचाहे गीत’, ‘जयमाला’, ‘हवामहल’, ‘छायागीत’ हे कार्यक्रम घड्याळासारखे वापरले जाऊ लागले. १९६७मध्ये मुंबई-पुणे-नागपूरला त्यावर जाहिराती सुरू झाल्या. आजही अनेकांना गाण्याआधीची जाहिरात गाण्याइतकीच पाठ असते.

याच सुमारास ट्रान्झिस्टर हाती आला आणि रेडिओ पहिल्यांदाच ओटीवर, आंब्याच्या राखणीला, एसटीत जाऊ लागला. आधीचे व्हॉल्व्हचे संच तापायला अर्धा मिनिट घेत आणि त्यांच्यामागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडावी लागे. नाहीतर उष्णतेने आतलं मेण वितळे, कॉइलचं जुळणं बिघडे, कंडेन्सर गळायचे. ट्रान्झिस्टरलाही ऊन मानवत नसे. सुरुवातीच्या संचांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांच्यातून नको असताना वाहणाऱ्या विजेची गळती जवळपास दुप्पट होते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी आवाज फाटायचा आणि सेल लवकर उतरायचे. संच उन्हातून काढून माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवला की तासाभरात सुधारायचा.

चार मोठ्या सेलांचा खर्च घरात जाणवायचा, म्हणून उतरलेले सेल उन्हात वाळवणं सर्रास चाले. त्यात तथ्य आहे: उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि तासभर आवाज मिळतो. पण तोवर जस्ताचं कवच झिजलेलं असतं. ते फुटून आतला द्राव स्प्रिंगवर येतो आणि हिरवट-पांढरा गंज धरतो. सुट्टी संपवून परत जाताना सेल काढून ठेवले नाहीत, तर पुढच्या एप्रिलमध्ये संच मुका निघे. पातळ लिंबूरस किंवा व्हिनेगर कापसाने लावून पुसलं, नीट कोरडं केलं, मग बारीक पॉलिशपेपर घासला तर बहुतेक वेळा काम भागे.

रेडिओ बाळगायला परवाना लागे. पोस्टात वर्षाचं शुल्क भरायचं, पुस्तिकेत तिकीट डकवायचं आणि शिक्का घ्यायचा. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संपली. कोणाला आपल्या आठवणीतला उन्हाळा नेमका कोणत्या सालचा हे शोधायचं असेल, तर ही पुस्तिका फार उपयोगाची आहे: घरात रेडिओ कधी आला, हे तिच्यावरून कळतं. गाण्याच्या सालावरून मात्र थेट निष्कर्ष काढू नये. तबकडी बहुधा चित्रपटाच्या आधी बाजारात यायची आणि फर्माइशीत एखादं गाणं दहा-पंधरा वर्षं टिकायचं. त्यामुळे १९६०चं गाणं १९७२च्या मे महिन्याला चिकटलेलं असणं अगदी स्वाभाविक आहे. गाण्याच्या सालावरून एवढंच ठरतं की आठवण त्याआधीची नसावी.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि हवं ते गाणं हव्या वेळी लावता येऊ लागलं. दुपारी दूरदर्शन नि व्हिडिओ आले. १९८९मध्ये ‘गीतमाला’ सिलोनहून विविध भारतीवर आली, पण तोपर्यंत आठवडाभर वाट पाहून गाणं ऐकण्याची गरज उरली नव्हती. नंतरच्या एफएमला वळवाची करकर लागत नाही, कारण तिथे ध्वनी लहरीच्या उंचीत नसून वारंवारतेत बांधलेला असतो. विजेचा परिणाम उंचीवर होतो आणि संच तो छाटून टाकतो.