पाव इंच माया

आमच्या आत्याने गोधडीला कधी मोजपट्टी लावली नाही. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर चिंध्या मांडायच्या आणि धावदोरा घालत सुटायचं. चिंधी अर्धा इंच इकडेतिकडे सरकली तरी टाके सांभाळून घेतात. इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून दोन रंगांचं सुती कापड आणून मी तुकड्यांची आठ टोकांची चांदणी शिवायला बसले, तेव्हा तीच मोकळीक गृहीत धरली होती. चांदणी तयार झाली, पण आठांपैकी पाच टोकं शिवणीखाली दडली होती.

कारण शोधायला गेले आणि त्या १२ इंची चौकटीत भूमितीही सापडली, कापडाचं शास्त्रही.

मांडणी सोपी आहे. मध्ये ६ इंची चौकोन, चार कोपऱ्यांत ३ इंची चौकोन आणि उरलेल्या जागेत ३ इंची आठ दुरंगी चौकोन. दुरंगी म्हणजे दोन त्रिकोण जोडून केलेले. चांदणीची टोकं ती हीच. शिवणीसाठी सगळीकडून पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, सोडायची. म्हणून साधे चौकोन अर्धा इंच जास्त, म्हणजे साडेसहा आणि साडेतीन इंचांचे कापायचे. त्रिकोण ज्या चौकोनाला कर्णावर कापून निघतात, तो मूळ चौकोन मात्र ३ इंच ७ सूत हवा. (१ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-गवंडी आजही याच मापात बोलतात.)

हे ७ सूत कुठून आले? त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना पाव इंच माया दिली, की काटकोनापाशी बाजू पाव इंचच वाढते. ४५ अंशांच्या निमुळत्या टोकाकडे मात्र एकमेकींना तिरक्या दोन रेषा भेटायला बराच पुढे जावं लागतं. तिथली वाढ पाव इंच गुणिले (१ + २ चं वर्गमूळ), म्हणजे सुमारे ०.६०. दोन्ही मिळून ०.८५ इंच. टेपवर त्याच्या जवळची खूण ७ सुतांची, ०.८७५. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, तो नंतर छाटता येतो. माझे चौकोन साडेतीन इंचांचे होते. टोकांना माया उरणारच कुठून?

आता कापड. रुमाल उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, जेमतेम हलतो. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढा, लगेच लांबतो आणि मधून अरुंद होतो. धागा लांबत नसतो. उभ्या-आडव्या धाग्यांमधले छोटे चौकोन तिरके होऊन शंकरपाळ्यासारखे होतात. या तिरक्या दिशेला शिंपी उरेब म्हणतात. आडव्या दिशेनेही कापड थोडं सैल असतं. महेश्वरला माग पाहिला असेल तर कारण लक्षात येईल: ताणा, म्हणजे उभा धागा, ताणलेला, म्हणून सरळ, बाणा, म्हणजे आडवा, त्याच्या वरखाली वळत जातो, आणि ओढल्यावर ती वळणं थोडी सरळ होतात.

आपल्या त्रिकोणांची लांब बाजू नेमकी उरेब असते. म्हणून त्रिकोण आधी कापायचेच नाहीत. दोन रंगांचे चौकोन समोरासमोर ठेवायचे, कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घालायची आणि मग रेघेवर कात्री चालवायची. चौकोनांच्या एका जोडीतून दोन दुरंगी चौकोन निघतात. आठांसाठी चार जोड्या पुरतात. उरेब कड उघडी पडते तेव्हा ती आधीच शिवणीने बांधलेली असते.

आजी सुती पातळांना खळ घालायची, ती इथेही फार कामाची. खळीतला स्टार्च आणि कापसातला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, एकमेकींना सहज धरून बसतात. धागे एकमेकांवरून जातात तिथे खळ सुकली की चौकोन तिरके होत नाहीत. इस्त्री मात्र सरकवू नका, उचलून दाबा. ओल्या, गरम कापडावर इस्त्री ओढणं म्हणजे उरेब आपल्या हाताने लांबवणं.

आणि शिवण. ती अर्धा सूत जरी जास्त आत गेली, तरी दोन्ही तुकड्यांचं मिळून १ सूत कापड खाते. वरच्या ओळीत चार तुकडे, तीन शिवणी: ३ सूत गेले. मधल्या ओळीत दोनच उभ्या शिवणी: २ सूत. आता या दोन ओळी एकमेकींना लागणार कशा? मला वाटायचं, चूक सगळीकडे सारखी असली की भागतं. भागत नाही. त्यात शिवण उलगडून दाबली की घडीच्या जाडीत थोडं कापड जातं, म्हणून शिवण पाव इंचाला केसभर कमीच घालावी. दीड इंची तीन पट्ट्या जोडून पाहा. मधली बरोबर १ इंच दिसली तर मशीनवरची खूण बरोबर आहे.

ओळी जोडताना तुकडा उलटा धरला की टोकापाशी शिवणींची फुली दिसते. सुई त्या फुलीच्या मधोमध, किंवा एक धागा माया असलेल्या बाजूने गेली पाहिजे. परवा मी तिथे मशीन थांबवलं, चाक हाताने फिरवलं आणि सुई फुलीत उतरताना पाहिली. कापड सुलट केलं, तर टोक सुईसारखं अणकुचीदार होतं.