पंप चालू आहे म्हणजे ठीक आहे असं नसतं

पिण्याच्या पाण्याच्या कुठल्याही जुन्या पंपहाउसमध्ये गेलं की पंपाच्या शाफ्टपाशी (फिरणाऱ्या दांड्यापाशी) थेंब थेंब पाणी गळताना दिसतं, आणि नवीन माणूस पहिलं काम काय करतो तर पाना घेऊन ग्लँडचे, म्हणजे शाफ्टभोवतीची पॅकिंगची दोरी दाबून धरणाऱ्या कड्याचे, नट आवळतो. गळती थांबते, साहेब खूश होतात. आठवडाभराने ग्लँडला हात लावावा तर चटका बसतो, आतली पॅकिंगची दोरी जळून काळी पडलेली असते आणि शाफ्टच्या स्लीव्हवर (नळीसारख्या आवरणावर) खोल चरे उमटलेले असतात. कारण ते गळणारं पाणीच त्या दोरीचं वंगण असतं आणि थंडावाही तेच देतं. मिनिटाला साधारण 40 ते 60 थेंब पडले पाहिजेत, धार लागली तर आवळायचं, तेही एका वेळी थोडंसंच आणि दोन्ही नट सारखे. (दोरीऐवजी मेकॅनिकल सील, म्हणजे एकमेकींवर घट्ट बसून फिरणाऱ्या गुळगुळीत चकत्या, असेल तर गोष्ट वेगळी, तिथे गळती दिसली की सील गेलंच समजा.)

जुन्या पंपाची गंमत अशी की तो एका दिवसात मरत नाही, वर्षानुवर्षं चालत राहतो आणि चालता चालताच खराब होत जातो. इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आणि केसिंगच्या (पंपाच्या कवचाच्या) मध्ये वेअर रिंग, म्हणजे झीज सोसणारी कडी, असते, तिथली फट नव्या पंपात मिलिमीटरच्या काही दशांशाएवढीच असते. पाण्यातली बारीक वाळू ती फट रोज थोडी थोडी खरवडते, मग पुढे ढकललेलं पाणी त्या फटीतून परत मागे येतं आणि इम्पेलर तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. बाहेरून काहीच कळत नाही कारण मोटर जवळपास तेवढेच अँपिअर घेते आणि आवाजही तोच असतो, बदलतो फक्त टाकी भरायला लागणारा वेळ. समजा पंप तासाला 1 लाख लिटर पाणी 50 मीटर वर चढवतो, पंपाची कार्यक्षमता 75 टक्के आणि मोटरची 90, म्हणजे वीज लागते साधारण 20 किलोवॅट आणि 6 लाख लिटरची टाकी भरते 6 तासांत. आता झीज होऊन पंप 60 टक्क्यांवर आला तर त्याच विजेत तासाला 80 हजार लिटरच येतं, तीच टाकी भरायला साडेसात तास लागतात. रोजचे 30 युनिट जास्त, वर्षाचे 11 हजार, आणि तक्रार कुणाचीच नाही कारण पाणी तर येतंय! म्हणून मला तर लॉगबुकातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना टाकी भरायला लागलेल्या वेळाचा वाटतो आणि नेमका तोच बऱ्याचदा कालचं बघून आज लिहिलेला असतो.

आवाज बदलला तर मात्र कान टवकारायचे. पंपात खडी फिरतेय असा कडकड आवाज आला आणि उघडून बघितलं तर आत एकही खडा नाही, हे कॅव्हिटेशन. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर सक्शनचा (पाणी आत येण्याच्या बाजूचा) दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते, म्हणूनच समुद्रसपाटीला हिशोबाने 10.3 मीटर आणि प्रत्यक्षात 6-7 मीटरपेक्षा खालचं पाणी वर बसवलेल्या पंपाला ओढता येत नाही. सक्शनची जाळी तुंबली, फुटव्हॉल्व (सक्शन पाइपच्या तळाशी पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) अर्धवट उघडायला लागला किंवा विहिरीची पातळी खाली गेली की दाब आणखी पडतो आणि हवेच्या दाबाच्या साधारण तिसाव्या भागापर्यंत आला की 25 अंशाचं गार पाणीसुद्धा चक्क उकळतं. त्या वाफेचे बुडबुडे इम्पेलरमध्ये जास्त दाबाच्या जागी गेले की फटकन मिटतात आणि मिटताना धातूवर सुईसारखा फटका मारतात. जहाजांचे पंखे असेच कुरतडले जायचे, त्यावरून 1917 साली ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या बुडबुड्याचं गणित मांडलं होतं. असा इम्पेलर हातात घेतला तर पात्यांवर स्पंजसारखी भोकं दिसतात, आणि तो बदलून उपयोग नाही, आधी सक्शनची जाळी साफ करा, नाहीतर नवाही तसाच होणार.

मोटरचं दुखणं वेगळं, तिचा शत्रू उष्णता. वाइंडिंगच्या (मोटरमधल्या गुंडाळीच्या) तारांवरचं इन्सुलेशन (वीज अडवणारं आवरण) सतत 10 अंश जास्त तापलं तर त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा जुना ठोकताळा आहे. आणि ही उष्णता कुठून येते तर कूलिंग फॅनच्या जाळीवर बसलेल्या धुळीतून, सारख्या चालू-बंद करण्यातून (थेट सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट घेते) आणि तीन फेजमधल्या फरकातून. मीटरवर 414, 400 आणि 386 व्होल्ट दिसले तर कुणी लक्षही देणार नाही, पण हा साडेतीन टक्के असमतोल वाइंडिंगची तापमानवाढ साधारण 25 टक्क्यांनी वाढवतो. पुष्कळदा मूळ कारण असतं स्टार्टरमधला एक सैल किंवा काळा पडलेला संपर्क, म्हणजे स्क्रूड्रायव्हर फिरवायचं काम.

मेगरचंही (इन्सुलेशन वीज किती अडवतं ते मेगओहममध्ये मोजणाऱ्या यंत्राचंही) तसंच आहे, आकडा जितका मोठा तितकं चांगलं, पण लोक मोटर जळाल्यावर मेगर लावतात, ती पोस्टमॉर्टेम झाली! दर महिन्याला बंद मोटरवर, सप्लाय तोडून, रीडिंग घेतलं आणि वहीत लिहिलं तर 200 मेगओहमचं 80 झालं, 80 चं 20 झालं हे दिसतं, आणि 20 हा आकडा एकटा बघितला तर ठीकच वाटला असता.

बेअरिंगबद्दल एवढंच की ग्रीस जास्त भरणं हेही कमी भरण्याइतकंच वाईट. गच्च भरलेलं ग्रीस घुसळून तापतं, पातळ होऊन बाहेर येतं किंवा वाइंडिंगवर जातं.

आता सगळ्यात दुर्लक्षित पंप, स्टँडबाय, म्हणजे गरजेला म्हणून राखून ठेवलेला. जुना पंप झिजू दे, नवा कोपऱ्यात जपून ठेवलाय असं समजून तो महिनोन्‌महिने उभा असतो आणि शेजारचा पंप चालताना त्याची थरथर फाउंडेशनमधून याच्या बेअरिंगपर्यंत पोचत असते. शाफ्ट फिरत नसल्यामुळे बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी घासत राहतात, मधलं ग्रीस बाजूला सरतं आणि रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे पडतात. वाइंडिंगमध्ये ओल धरते, ग्लँडची दोरी सुकून कडक होते. मग ऐन गरजेच्या दिवशी बटण दाबलं की तो घरघर करतो आणि सगळे म्हणतात, अहो हा तर वापरलाच नव्हता! म्हणून दोन्ही पंप आलटून पालटून चालवायचे आणि एखादा बंदच ठेवायचा असेल तर सप्लाय तोडून आठवड्यातून एकदा कपलिंगला (पंप आणि मोटर जोडणाऱ्या भागाला) हात घालून शाफ्ट फिरवायचा, पूर्ण फेरी मारून परत तिथेच नाही तर सव्वा फेरी, आणि थांबला त्या जागी खडूने खूण करायची म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या माणसालाही कळतं की शाफ्ट खरंच फिरवला होता का.