गरोदरपणातल्या वजनाचा आकडा आला कुठून?

तपासणीला गेलं की आधी काटा, मग रक्तदाब, मग पोट तपासणं. कार्डावर वजनाचा रकाना भरला की बाईचं लक्ष तिथेच अडकतं. मागच्या वेळेपेक्षा दोन किलो जास्त, म्हणजे फार झालं का? कुणाला विचारावं तर एक म्हणतं दोन जिवांचं खा, दुसरं म्हणतं आत्ताच आवर घाल, नंतर उतरायचं नाही. गंमत अशी की गेल्या सव्वाशे वर्षांत डॉक्टर मंडळींनीही ही दोन्ही उत्तरं दिली आहेत आणि प्रत्येक वेळी तितक्याच ठामपणे.

'आवर घाल'ची कथा जर्मनीत सुरू होते. लहानपणी मुडदूस झालेल्या मुलींची कंबरेची हाडं वेडीवाकडी वाढत आणि पुढे बाळाला बाहेर यायला वाट अपुरी पडे. सिझर करायचं तर आईच्या जिवावर बेतायचं. लुडविग प्रोखोव्निक या स्त्रीरोगतज्ज्ञाने १८८९ मध्ये यावर तोडगा सुचवला: वाट मोठी करता येत नाही, तर बाळच लहान राहील असं बघू. शेवटच्या काही आठवड्यांत मांस, मासे, अंडी चालतील. बटाटे, साखर, गोडधोड, सूप, बिअर बंद. पाणीसुद्धा बंद. त्याऐवजी दिवसाकाठी तीन-चारशे मिली वाइन! आज वाचताना भुवया उंचावतात, पण वाट अडलेल्या बाईपुढे तेव्हा दुसरे पर्याय याहून भयंकर होते.

हा उपाय मोजक्या बायकांसाठी होता, तोही थोड्या आठवड्यांपुरता. पुढे ड जीवनसत्त्वाचा शोध लागला, मुडदूस मागे हटला. रक्त चढवण्याची सोय आणि प्रतिजैविकं आल्यावर सिझरही बरंच सुरक्षित झालं. खाण्यावरचा लगाम मात्र सुटला नाही, कारण तोवर त्याला नवं कारण सापडलं होतं.

ते कारण म्हणजे प्री-एक्लॅम्प्सिया. यात रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर आकडी येते. सूज म्हणजे अंगात साठलेलं पाणी, त्यामुळे वजन झपाट्याने वाढतं. डॉक्टरांना दिसलं ते इतकंच, की वजन वाढलेल्या बायकांना आकडी येते. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की वजन रोखा, आकडी टळेल. पहिल्या महायुद्धात जर्मनीत मांस आणि स्निग्ध पदार्थांची टंचाई होती आणि आकडीचे रुग्ण कमी दिसले, यामुळे समजूत आणखी पक्की झाली. आजाराचं लक्षणच आजाराचं मूळ ठरलं. (गरोदरपणाच्या उत्तरार्धात एखाद्या आठवड्यात वजन एकदम वाढलं, चेहरा-हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, हे आजही खरं आहे. पण ते आजार ओळखण्यासाठी, खाणं तोडण्यासाठी नाही.)

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत मर्यादा होती १५ ते २० पौंडांची, म्हणजे ७ ते ९ किलोंची. मीठ तोडायला सांगत. १९५० च्या दशकाअखेरीस लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आल्या, त्याही सर्रास दिल्या गेल्या. भूक मारायला अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक औषधसुद्धा दिलं जाई. लघवीच्या गोळ्यांवरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब १९८५ मध्ये मांडला गेला. जवळपास ७,००० स्त्रियांच्या त्या माहितीत सूज कमी झालेली दिसली, पण बाळांचे जीव वाचल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे एक साधी बेरीज. मनासारखं खाणाऱ्या, पहिलटकरीण, निरोगी स्त्रियांचं वजन सरासरी साडेबारा किलोंनी वाढतं, असं फ्रँक हायटन आणि इझाबेला लिच या ब्रिटिश संशोधकांनी १९६० च्या दशकात मांडलं आणि त्याची फोडही दिली. बाळ ३.४ किलो. वार ६५० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम. गर्भाशयाची वाढ जवळपास एक किलो, स्तनांची ४०० ग्रॅम. वाढलेलं रक्त आणि शरीरातलं जास्तीचं पाणी मिळून तीन किलोंच्या आसपास. उरलेले तीन-साडेतीन किलो म्हणजे चरबीचा साठा. आता यातली चरबी पूर्ण वगळा. तरी बेरीज नऊ किलोंच्या पुढे जाते. म्हणजे २० पौंडांची जुनी कमाल मर्यादा पाळायची तर बाईने एक ग्रॅमही साठवायची नाही, आणि १५ पौंडांत राहायचं तर स्वतःच्या अंगचं झिजवायचं. पिढ्यान् पिढ्या बायका 'जास्त खाल्लं' म्हणून बोलणी खात होत्या, ती या हिशेबावर!

खाणं कमी पडलं तर काय होतं, हे १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या नेदरलँड्समधल्या दुष्काळाने दाखवलं होतं. गर्भारपणाच्या शेवटी उपासमार सोसलेल्या आयांची बाळं सरासरी सुमारे ३०० ग्रॅमनी हलकी जन्मली. कमी वजनाची बाळं दगावण्याचा धोका जास्त, म्हणून १९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने मर्यादा वाढवून २० ते २५ पौंड केली. १९९० मध्ये तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सर्वांना एकच आकडा लावणं सोडलं आणि गरोदरपणाआधीच्या बीएमआयनुसार, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती यानुसार, गट पाडले. २००९ मध्ये ते सुधारले गेले: बारीक स्त्रीला १२.५ ते १८ किलो, मध्यम बांध्याच्या स्त्रीला ११.५ ते १६, जास्त वजन असलेलीला ७ ते ११.५ आणि लठ्ठ गटातलीला ५ ते ९. तोवर काळजीची दिशा पुन्हा फिरली होती. लठ्ठपणा वाढला होता, मोठी बाळं, सिझर आणि बाळंतपणानंतर न उतरणारं वजन हे नवे प्रश्न होते.

जपानने जुनी वाट बरीच उशिरा सोडली. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये मध्यम बांध्याच्या स्त्रीला ७ ते १० किलोच पुरे म्हटलं होतं आणि कारण तेच, प्री-एक्लॅम्प्सिया टाळणं. पुढे तिथे अडीच किलोंपेक्षा हलक्या बाळांचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या वर राहिलं आणि २०२१ मध्ये आकडा १० ते १३ किलोंवर नेला गेला.

२००९ च्या चौकटीत तरी किती जणी बसतात? १३ लाखांहून अधिक गर्भारपणांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४७ टक्के स्त्रियांचं वजन मर्यादेपेक्षा जास्त वाढलेलं होतं आणि २३ टक्क्यांचं कमी. कमी वाढलेल्यांत लहान आणि वेळेआधी जन्मलेली बाळं जास्त, जास्त वाढलेल्यांत मोठी बाळं आणि सिझर जास्त, म्हणजे चौकट निरर्थक नाही. पण कार्डावरच्या आकड्याने जिची झोप उडालीये तिला हेही सांगायला हवं, की दहांतल्या सात जणी त्या चौकटीबाहेरच आहेत.