लीज की लायसन्स? अकरा महिन्यांच्या करारातलं इंग्रजी

पुण्यात भाड्याने राहणारा माणूस ‘फ्लॅट लीजवर घेतलाय’ असं सहज बोलून जातो. त्याच्याकडच्या कागदावर मात्र ठळक अक्षरांत ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलेलं असतं. बोलण्यात दोन्ही एकच, कायद्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आधी ‘लिव्ह’ बघू. ऑफिसात टाकतो ती लिव्ह म्हणजे सुट्टी, पण या शब्दाचा जुना अर्थ परवानगी. कामावरून जायची परवानगी, म्हणून पुढे सुट्टी. आपल्या रजेचंही हेच झालंय: ‘आता आपली रजा घेतो’ म्हणणारा पाहुणा काही सुट्टी मागत नसतो. लायसन्स म्हणजेही परवानगीच, फक्त हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे शब्दशः ‘परवानगी आणि परवानगी’! इंग्रज वकिलांना देशी आणि आयात शब्दांची अशी जोडी लावायची जुनी खोड. मृत्युपत्राचं ‘विल अँड टेस्टामेंट’ त्यातलंच. आपण तरी कुठे वेगळे? फारसी कागद आणि संस्कृत पत्र मिळूनच आपलं कागदपत्र झालं.

तर परवानगी कशाची? दुसऱ्याच्या जागेत राहण्याची, बस. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५२ सांगतं की लायसन्सने जागेत तुमचा कसलाही हितसंबंध तयार होत नाही. एरवी जे बेकायदा ठरलं असतं, ते करायची मुभा तेवढी मिळते. लीजचं तसं नाही. त्याच वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ नुसार लीजमध्ये जागेच्या उपभोगाचा हक्कच ठरलेल्या मुदतीसाठी तुमच्याकडे येतो. मालकाने मध्येच घर विकलं की फरक कळतो: लीज नव्या मालकालाही पाळावी लागते, आधीच्या मालकाने दिलेलं लायसन्स त्याला बांधत नाही. हिंजवडीतल्या कंपनीचा भूखंड एमआयडीसीकडून ९५ वर्षांच्या लीजवर असतो, आणि त्याच कंपनीतला इंजिनिअर वाकडच्या टू बीएचकेत अकरा महिन्यांच्या लायसन्सवर.

घरमालक लायसन्सलाच का चिकटतात, याचं उत्तर पेठांतल्या वाड्यांत आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला काढणं महाकठीण, आणि त्याच्या पश्चात हक्क घरच्यांकडे. मग मालकांनी ‘भाडेकरू नाही, परवानाधारक’ अशी पळवाट काढली. सरकारने तीही बुजवली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते कायद्याने भाडेकरू ठरले. त्याचा धसका काही घरमालकांच्या बोलण्यात अजून जाणवतो. खरं तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ने राहत्या घरांपुरता हा प्रश्न मिटवलाय. मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर दुप्पट दराने भरपाई.

अकरा महिने हा आकडा नोंदणी टाळण्यासाठी आला, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची. महाराष्ट्रात आता त्याला अर्थ नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. मालक, राहणारा, दोन साक्षीदार, सगळ्यांचे थंब आणि फोटो झाले की काम संपलं. तरीही ‘नोटरी करून टाकू, स्वस्तात पडेल’ म्हणणारे मालक भेटतातच. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याने सांगितलेल्या अटीच खऱ्या धरल्या जातात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

करार नीट वाचला तर त्यात सहसा ‘रेंट’ हा शब्दच सापडत नाही. ‘लायसन्स फी’ असते, नाहीतर ‘मंथली कॉम्पेन्सेशन’. कुणाचं काय नुकसान झालं म्हणून ही भरपाई, असं वाटेल, पण इथे तो नुसता मोबदला. ‘टेनंट’ही नाही, ‘लायसन्सी’. ही शब्दांची निवड जाणूनबुजून केलेली असते.

पण नुसतं नाव पुरतं का? दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाच्या दस्तावर ‘लायसन्स’च लिहिलं होतं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती लीज ठरवली: नाव काहीही असो, व्यवहार प्रत्यक्षात काय आहे ते बघायचं. आपल्याकडे राहत्या घराच्या बाबतीत मात्र या निकालावर फार भिस्त ठेवता येत नाही. कलम २४ खाली लेखी लायसन्स-करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. कोथरूडच्या फ्लॅटच्या करारावर लायसन्सी म्हणून सही केल्यावर ‘मी तर भाडेकरू’ म्हणून काही उपयोग नाही.