मोबाइल कॅमेऱ्यातील कास पठार

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किमी.वर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मी. उंचीचा जांभ्याचा सडा, म्हणजे जांभा दगडाचे उघडे सपाट पठार. युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक. इथला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा बहर बहुतेकांनी आधी मोबाइलवर पाहिलेला असतो. मग सड्यावर पोचल्यावर ‘हेच का ते?’ असा सूर निघतो. फुले कमी नसतात, फोटोतले पठार निराळे घडवलेले असते.

घडवणूक फोनच्या सेन्सरपासूनच (प्रकाश टिपणाऱ्या चकतीपासूनच) सुरू होते. त्याच्या दर चार बिंदूंपैकी दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी व एकावर निळी गाळणी असते (ब्राइस बायर यांची रचना, पेटंट १९७६). म्हणजे बिंदूगणिक एकच रंग मोजला जातो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. वर, एकदाच बटण दाबले तरी फोन अनेक फ्रेम घेऊन त्यांची सांधणी करतो. सड्यावरच्या वाऱ्यात तेरडा डोलत असला की ही सांधणी चुकते. पाकळीला दुहेरी कड येते किंवा ती पुसटते.

सोनकीच्या पिवळ्या फुलांनी चौकट भरली, तर ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग आपोआप जुळवणारी सोय) तो पिवळा प्रकाशाचाच दोष मानून चित्र निळसर करू शकतो. ढगाळ हवेत तो हाताने ६,००० ते ६,५०० केल्विनवर (प्रकाशाच्या रंगछटेचे एकक) ठेवावा. धुक्यात फोन पांढऱ्याचा राखाडी करतो, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) +०.७ ते +१ केले की धुके धुक्यासारखे दिसते. ‘सीतेची आसवे’ या इवल्या फुलाचा निळसर जांभळा मात्र पडद्यावर नेमका उतरत नाही, आणि एकच फोटो दोन फोनवर दोन छटांचा दिसतो. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, फूल समोरच असते. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड इथे टाळलेलाच बरा: सीतेच्या आसवांचा दोऱ्याएवढा देठ तो पार्श्वभूमीत जमा करतो आणि फूल अधांतरी लटकते.

सर्वांत मोठी फसगत कोनाची. कॅमेरा जमिनीलगत धरला की फुलांमधले उघडे कातळ झाकले जातात आणि सलग गालिचा दिसतो. उभ्याने पाहणाऱ्याला ते कातळ दिसतातच. गालिच्यासाठी लोक फुलांत बसतात, आडवे होतात. कातळावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा, त्यामुळे चेंगरलेली रोपे बी धरण्याआधीच जातात. पायवाटेवर उकिडवे बसून, फोन गुडघ्याच्या उंचीवर धरून २x लेन्सने घेतले तरी फुले तितकीच दाट दिसतात.