भाषांतर वेगळं, अनुकूलन वेगळं

व्यक्तिमत्त्व विकारांच्या निदानाची एखादी मुलाखत 'चिनीत आणली' असं म्हणतात, तेव्हा त्यात दोन कामं मिसळलेली असतात. पहिलं भाषांतर, दुसरं अनुकूलन, म्हणजे प्रश्न तिथल्या माणसांच्या बोलण्याशी आणि जगण्याशी जुळवून घेणं. पहिलं झालं की दुसरंही झालं असं धरून चालतात, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

भाषांतर तपासायची रीत ठरलेली आहे. एकाने मजकूर चिनीत न्यायचा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत आणायचा, मग दोन्ही ताडून बघायचे. यातून शब्द जुळल्याचं कळतं. रुग्णाने काय ऐकलं ते कळत नाही.

डीएसएम या अमेरिकन मनोविकार निदानपुस्तिकेत बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे, म्हणजे भावना, नाती आणि स्वतःची प्रतिमा सतत अस्थिर असण्याचे, 9 निकष आहेत, निदानाला किमान 5 लागतात. त्यातला एक म्हणजे सतत वाटणारं रितेपण. चिनीत त्यासाठी 'खुंगशू' हा शब्द आहे आणि उलट भाषांतरात तो बिनचूक उतरतो. पण करण्यासारखं काही नसलं, दिवस वाया गेल्यासारखा वाटला, तरी माणूस हाच शब्द वापरतो. शिवाय त्यातला 'खुंग' म्हणजे बौद्ध ग्रंथांतल्या आपल्या 'शून्य'साठी चिनी भाषांतरकारांनी घेतलेला शब्द. तिथे तो दुःखाचा नाही. म्हणून नुसत्या 'हो'वर खूण करता येत नाही. अनुकूलित मुलाखत पुढे विचारते: चार माणसांत असतानाही असं वाटतं का? कामाला लागलं की जातं का? मागच्या वेळी काय झालं होतं?

'व्यक्तिमत्त्व' या शब्दाचीही तीच अडचण. 'रन-ग' या चिनी शब्दात माणसाची प्रतिष्ठा आणि नीतिमत्ताही येते. त्यात विकार आहे म्हटलं की चारित्र्यावर बोट ठेवल्यासारखं ऐकू येऊ शकतं. त्यामुळे संवादाला स्वभाव या अर्थाचा 'शिंग-ग' सौम्य पडतो.

मुलाखत तोंडी असते, हेही विसरून चालणार नाही. हाँगकाँगमध्ये लिहितात प्रमाण चिनी, बोलतात कँटनीज. छापलेला प्रश्न जसाच्या तसा वाचला तर कानाला पुस्तकी लागतो, आणि मुलाखतकाराने ऐनवेळी बदलला तर प्रत्येक रुग्णाला वेगळा प्रश्न जातो. बोलीतले प्रश्न आधीच लिहून ठेवायला हवेत.

नोकरी-लग्नाचे निर्णय आईवडिलांच्या सल्ल्याने घेणारा तरुण परावलंबी ठरवायचा का? मराठी घरात वाढलेल्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. डीएसएमची व्यक्तिमत्त्व विकाराची व्याख्याच सांगते की वागणं त्या माणसाच्या संस्कृतीच्या अपेक्षांपासून ठळकपणे दूर गेलेलं असावं. तेव्हा तुलना त्याच्यासारख्याच घरांतल्या समवयस्कांशी करायची.

मात्र अनुकूलन म्हणजे निकष गाळणं नव्हे. बदलायचा तो प्रश्न. चीनच्या मनोविकार वर्गीकरणाच्या 2001च्या तिसऱ्या आवृत्तीत बॉर्डरलाइन हे निदानच नव्हतं. जवळचं होतं ते आवेगी व्यक्तिमत्त्व विकाराचं, ज्याचा भर भावनांच्या उद्रेकावर. जवळची माणसं सोडून जातील या भीतीने आतल्या आत पोखरली जाणारी, पण कधी न भडकणारी व्यक्ती त्या चौकटीत बसत नव्हती.